सुपरचार्जरयुक्त मसल कार : सिलिंडर हेड व कॅमशाफ्ट यांतील सुधारणांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विसाव्या शतकातील अमेरिकी समाजाचा इतिहास लिहिताना मोटारगाडीला वगळता येत नाही. १९६४ साली पाँटियाक जीटीओ बाजारात आली आणि ‘मसल कार’ ही संकल्पना रूढ झाली. सामान्य तरुणाला परवडेल अशा मध्यम आकाराच्या गाडीत मोठे व्ही-८ इंजिन बसविणे, हे तिचे सूत्र होते. या गाड्यांचा इतिहास बहुधा इंजिनाचे आकारमान आणि अश्वशक्ती या दोन आकड्यांतच सांगितला जातो. सुपरचार्जर असलेल्या गाडीच्या बाबतीत त्यांना दाबाच्या आकड्याची जोड मिळते. या आकड्यांच्या झगमगाटात सिलिंडर हेड आणि कॅमशाफ्ट हे दोन भाग मात्र उपेक्षित राहिले. वास्तविक शक्तीचा उगम, तिच्या ज्ञानाचा प्रसार आणि तिच्यावर आलेले सामाजिक निर्बंध, या तिन्ही गोष्टींचा उलगडा याच दोन भागांच्या इतिहासातून होतो. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा आढावा घेतला आहे.

तांत्रिक पार्श्वभूमी

इंजिनात इंधन जाळायचे तर त्या प्रमाणात हवा लागते. ही हवा ज्या मार्गाने सिलिंडरमध्ये शिरते आणि धूर ज्या मार्गाने बाहेर पडतो, ते मार्ग व त्यांवरील झडपा सिलिंडर हेडमध्ये असतात. त्या झडपा केव्हा, किती उंच आणि किती काळ उघडायच्या हे कॅमशाफ्टवरील उंचवट्यांच्या आकारावरून ठरते. सुपरचार्जर हा इंजिनाच्याच शक्तीवर फिरणारा हवेचा पंप होय.

रूट्स पद्धतीचा पंप प्रत्येक फेऱ्याला ठरावीक घनफळाची हवा पुढे ढकलतो. इंजिन ती हवा जितक्या सहजतेने सामावून घेईल तितका मार्गातील दाब कमी राहतो. वाट अरुंद असेल तर दाब चढतो. म्हणजे दाबमापकावरचा आकडा हा काही अंशी अडथळ्याचाही आकडा असतो. त्यामुळे हवेचा मार्ग मोकळा असलेले हेड बसविल्यावर दाबमापकाचा काटा खाली येतो आणि अश्वशक्ती मात्र वाढते, असा वरकरणी विसंगत वाटणारा अनुभव येतो. दाबाबरोबर हवेचे तापमानही वाढते आणि तापलेल्या हवेमुळे इंजिनात अवेळी स्फोट होऊन दट्ट्या फुटण्याचा धोका संभवतो. चांगल्या हेडमुळे हा धोकाही कमी होतो.

कॅमशाफ्टची निवड याहून नाजूक असते. साध्या शर्यतीच्या इंजिनात प्रवेशाची व निकासाची अशा दोन्ही झडपा काही क्षण एकत्र उघड्या ठेवतात, जेणेकरून बाहेर जाणारा धूर नवी हवा आत ओढून घेतो. सुपरचार्जर असताना हवा मुळातच दाबाखाली असल्यामुळे हा काळ लांबला तर ताजे मिश्रण न जळताच निकासमार्गाने निघून जाते. म्हणून अशा इंजिनाच्या कॅमशाफ्टमध्ये हा सामाईक काळ आटोपशीर ठेवतात आणि वाढलेला धूर बाहेर पडावा म्हणून निकासाची झडप तुलनेने अधिक काळ उघडी ठेवतात.

कारखान्याबाहेरील ज्ञानपरंपरा

१९३२ साली फोर्ड कंपनीने २२१ घनइंचाचे, ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणले. ‘फ्लॅटहेड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या इंजिनात झडपा सिलिंडरच्या शेजारी, खालच्या ठोकळ्यात होत्या. हवेला वळसा घेऊन आत शिरावे लागे आणि धुराची वाट ठोकळ्यातूनच जात असल्याने इंजिन तापत असे. दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी या उणिवांवर आपल्या छोट्या कार्यशाळांत उपाय शोधले. व्हिक एडेलब्रॉक यांनी ॲल्युमिनियमची हेड बनविली. एड इस्केंदेरियन यांनी लॉस एंजेलिसमध्ये कॅमशाफ्ट घासण्याचा व्यवसाय उभारला. मूळ कॅमशाफ्टच्या उंचवट्याभोवतीचा गोल भाग घासून कमी केला की उंचवटा सापेक्षतः अधिक उंच होतो, हे त्यामागील साधे तत्त्व होते.

सुपरचार्जरचा प्रवासही असाच आडवाटेने झाला. रूट्स बंधूंनी १८६० साली पेटंट घेतलेल्या हवेच्या पंपाचे तत्त्व जनरल मोटर्सने आपल्या ६-७१ या डिझेल इंजिनात वापरले. दुसऱ्या महायुद्धात हे इंजिन सैन्य उतरविणाऱ्या नौकांमध्ये आणि काही रणगाड्यांमध्ये बसविलेले होते. युद्धोत्तर काळात हाच पंप डिझेल इंजिनावरून उतरून शर्यतीच्या गाडीवर चढला.

या परंपरेला कारखान्याशी जोडणारी व्यक्ती म्हणजे बेल्जियममध्ये जन्मलेले अभियंता झोरा आर्कस-डंटॉव्ह (१९०९-१९९६). त्यांनी १९४७ साली फ्लॅटहेड इंजिनासाठी ‘आर्डन’ नावाची ॲल्युमिनियमची हेड तयार केली. त्यांत झडपा वर, अर्धगोलाकार ज्वलनकक्षात होत्या. १९५३ मध्ये ते जनरल मोटर्समध्ये रुजू झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी वरिष्ठांना एक टिपण सादर केले. गाड्यांची शक्ती वाढविणारा तरुण वर्ग फोर्डकडे झुकलेला आहे. त्याला शेव्हरोलेकडे वळवायचे तर कंपनीनेच असे भाग उपलब्ध करून द्यावेत, असा त्याचा आशय होता. १९५७ साली शेव्हरोलेच्या २८३ घनइंचाच्या इंजिनाने इंधन अंतःक्षेपण आणि डंटॉव्ह यांचा कॅमशाफ्ट यांच्या साहाय्याने २८३ अश्वशक्ती दिली. कार्यशाळेतील ज्ञानाला कारखान्याची मान्यता मिळाली, ती अशी.

मसल कारचा उत्कर्ष व अस्त

मसल कारच्या मूळ कालखंडात कारखान्यातून सुपरचार्जरसह आलेल्या गाड्या विरळच होत्या. १९६६ च्या शेल्बी जीटी-३५० मध्ये पॅक्स्टनचा सुपरचार्जर ऐच्छिक स्वरूपात मिळत असे. कंपन्यांचा भर प्रामुख्याने मोठ्या इंजिनावर आणि मोकळ्या हेडवर होता. क्रायस्लरचे ४२६ घनइंचाचे ‘हेमी’ इंजिन हे त्याचे ठळक उदाहरण होय. सुपरचार्जर आणि अशी हेड यांचा संयोग घडला तो ड्रॅग शर्यतींच्या मैदानावर.

या काळाचा अस्त १९७३ च्या तेलसंकटाने झाला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु त्याची बीजे आधीच पडली होती. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने गाडीच्या धुरावर कठोर मर्यादा घातल्या आणि १९७१ पासून जनरल मोटर्सने इंजिनांचे संपीडन प्रमाण कमी केले. दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या ठेवणारा कॅमशाफ्ट न जळलेले हायड्रोकार्बन हवेत सोडत होता. लॉस एंजेलिसच्या कार्यशाळांत ज्या घासकामाने वेग वाढला, त्याच्याच परिणामांचा एक अंश त्या शहराच्या धुरक्यात मिसळत होता. कायद्याने प्रदूषणनियंत्रक यंत्रणेत फेरफार करण्यास मनाई केली. रस्त्यावरील गाडीसाठी सुटे भाग विकण्यापूर्वी ते प्रदूषणाला बाधक नाहीत हे सिद्ध करून मान्यता घेण्याची पद्धत कॅलिफोर्नियात रुजली. पन्नाशीच्या दशकात केवळ कारागिराच्या कौशल्याचा असलेला प्रश्न आता सार्वजनिक आरोग्याचाही झाला.

पुनरागमन

इंधन अंतःक्षेपण आणि संगणकीय नियंत्रण आल्यावर शक्ती व स्वच्छता यांचा मेळ घालणे शक्य झाले. २००३ च्या फोर्ड मस्टँग कोब्रामध्ये ४.६ लिटरच्या इंजिनाला ईटनचा सुपरचार्जर व प्रत्येक सिलिंडरला चार झडपा असलेली ॲल्युमिनियमची हेड देऊन ३९० अश्वशक्ती मिळविण्यात आली. २०१५ च्या डॉज चॅलेंजर हेलकॅटने ६.२ लिटरच्या इंजिनातून ७०७ अश्वशक्ती दिली. पुढे २०१८ च्या डीमन आवृत्तीत सुपरचार्जर मोठा केला, तेव्हा कॅमशाफ्टही बदलावा लागला. एक भाग बदलला की त्याच्या जोडीचा भागही बदलावा लागतो, हे कार्यशाळेतील सूत्र कारखान्यालाही चुकले नाही. २०२३ च्या अखेरीस चॅलेंजर व कॅमारो या दोन्ही गाड्यांचे उत्पादन थांबले आणि या पर्वाचा मोठा भाग इतिहासजमा झाला.

निष्कर्ष

१. सुपरचार्जरयुक्त इंजिनाची शक्ती दाबाच्या आकड्यावरून ठरविणे अपुरे आहे. हवेचा मार्ग किती मोकळा आहे हे हेड व कॅमशाफ्ट ठरवितात.

२. या ज्ञानाचा मोठा भाग विद्यापीठे वा मोठे उद्योग यांच्याबाहेर, लहान कारागिरांच्या कार्यशाळांत घडला. लिखित साधनांवरच विसंबणाऱ्या इतिहासलेखनात तो निसटण्याचा संभव असतो. अशा वेळी घासलेला कॅमशाफ्ट हेच अस्सल साधन ठरते.

३. वेग आणि स्वच्छ हवा यांतील संघर्ष झडपांच्या काही अंशांच्या फरकात सामावलेला होता. तंत्रज्ञानाचा इतिहास आणि समाजाचा इतिहास वेगळे काढता येत नाहीत, याचे प्रत्यंतर या छोट्याशा भागात येते.