तळ्यातलं पिल्लू कुणाचं?

बदकाचं पिल्लू जेमतेम काही आठवडे पिल्लू असतं. पिवळं, मऊ, तळहातावर मावणारं. बाजारात ते याच वयात विकलं जातं आणि मुलं हट्ट धरतात तोही याच वयातल्या पिल्लासाठी. दोन महिन्यांत त्याचं पूर्ण वाढीचं बदक होतं. ते पाण्याचं भांडं उपडं करतं, सगळीकडे घाण करतं, पहाटे ओरडतं. आमच्या इंदिरानगरसारख्या फ्लॅटच्या वस्तीत त्याला ठेवायचं कुठे? मग शहरोशहरी होतं तेच होतं. कुणीतरी ते पिशवीत घालून जवळच्या तळ्यावर नेऊन सोडतं. कधी तर पिल्लं मोठी होण्याचीही वाट पाहिली जात नाही.

आता समजा, दुसरा कुणी ती पिल्लं बघतो, काठावरची कुत्री आणि वरच्या घारीही बघतो, आणि पिल्लं उचलून घरी आणतो. त्यानं पुण्य केलं की चोरी?

प्रश्न किरकोळ वाटतो, पण कायद्याच्या इतिहासात तो फार जुना आहे. इसवी सन ५३३मध्ये सम्राट जस्टिनियननं कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक पाठ्यपुस्तक काढलं, ‘इन्स्टिट्यूट्स’. त्यात प्राण्यांच्या मालकीची चर्चा आहे. रानटी प्राणी कुणाचाच नसतो. जो पकडेल त्याचा. निसटून पुन्हा रानात गेला की परत कुणाचाच नाही. पण कोंबड्या आणि हंसबदकांचं काय? पुस्तक सांगतं, त्यांचा स्वभाव रानटी नाही. तुमची हंसबदकं बिचकून उडाली, नजरेआड गेली, तरी ती जिथे असतील तिथे तुमचीच. कुणी फायद्यासाठी ती ठेवून घेतली, तर ती चोरी.

त्याच पुस्तकात थोडं पुढे टाकून दिलेल्या वस्तूंचा नियम आहे. ‘ही आता माझी नको’ अशा हेतूनं मालकानं टाकलेली वस्तू जो उचलेल तो तिचा तत्काळ मालक होतो. मात्र वादळात जहाज हलकं करण्यासाठी समुद्रात फेकलेला माल टाकलेला मानायचा नाही, कारण तो फेकणाऱ्याला नकोसा झालेला नसतो. म्हणजे हरवलेलं आणि टाकलेलं यांत फरक आहे, आणि तो फरक मालकाच्या मनात असतो. पिल्लाच्या अंगावर तो लिहिलेला नसतो. तळ्यावरच्या माणसाची पंचाईत इथूनच सुरू होते.

आपल्याकडच्या धर्मशास्त्रानंही हरवलेल्या गोष्टींचा बारकाईनं विचार केला. मनुस्मृती सांगते की मालक सापडत नाही अशी संपत्ती राजानं तीन वर्षं राखून ठेवावी. याज्ञवल्क्यस्मृतीत तर हरवलेलं जनावर परत घेताना मालकानं किती शुल्क भरावं याचा दरच दिलेला आहे. घोड्यासारख्या एका खुराच्या जनावराला चार पण, म्हैस, उंट, गाय यांना दोन, शेळीमेंढीला पाव. शुल्क कशाबद्दल, तर राखल्याबद्दल. सांभाळणाऱ्याचे कष्ट इथे हिशेबात धरले आहेत. पक्ष्याला मात्र या यादीत जागा नाही.

शाळेत ऐकलेली सिद्धार्थ आणि देवदत्त यांची गोष्ट याच मुद्द्याची आहे. देवदत्ताच्या बाणानं घायाळ झालेला हंस सिद्धार्थानं वाचवला. मग हंस कुणाचा? गोष्टीतला न्याय वाचवणाऱ्याच्या बाजूनं जातो. प्रत्यक्षातल्या कायद्याला मात्र ही बाजू घ्यायला फार वेळ लागला.

मुंबईत हा प्रश्न रस्त्यावर आला तो कुत्र्यांवरून. कंपनी सरकारनं बेवारस कुत्री मारण्याची परवानगी दिली होती आणि एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवलं होतं. बक्षिसाच्या लोभानं शिपाई पाळलेली कुत्रीही, अगदी घरात शिरून, पकडून नेतात अशी तक्रार होती. जून १८३२मध्ये पारशी मंडळी उसळली, शिपायांवर हल्ले झाले, दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला, इतर समाजही त्यात सामील झाले. दोनच वर्षांनी, १८३४मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या पुढाकारानं भुलेश्वरजवळ मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. सरकारचा प्रश्न होता, ‘याला मालक आहे का?’ पांजरपोळीनं तो विचारलाच नाही. दारात आलेला जीव सांभाळायचा, एवढंच तिनं ठरवलं. नाशिकची पांजरपोळ १८७८ची. अंबड औद्योगिक वसाहतीला लागून चुंचाळे शिवारात तिचं विस्तीर्ण रान आजही आहे.

सरकार मात्र मालकीच्याच भाषेत बोलत राहिलं. १८६०च्या दंडसंहितेत प्राणी ही जंगम मालमत्ता. दहा रुपये किंवा जास्त किमतीचं जनावर मारलं तर एक कलम, पन्नास रुपयांच्या वर दुसरं. त्याहून कमी किमतीच्या बदकासारख्या जिवाला या कलमांत स्थानच नव्हतं. १८७१च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यानं कोंडवाडे चालवले. त्यातल्या ‘गुरां’च्या व्याख्येत हत्तीपासून करडापर्यंत सगळे आहेत, बदक नाही. १८७२च्या करार कायद्यात सांभाळायला दिलेल्या गाईचं उदाहरण आहे: तिला वासरू झालं, तर गाय परत करताना वासरूही द्यावं लागतं. हाच न्याय लावला, तर ज्याची बदकीण त्याचीच पिल्लं. त्याच कायद्यात सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर, ती सांभाळायला दिली असावी तशी जबाबदारी टाकली आहे.

१ जुलै २०२४पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेनं घेतली. जनावर मारण्याच्या कलमातली किमतीची अट गेली, पण मालकीचा सांगाडा तोच आहे. तळ्यावरच्या माणसाला तो असा लागू पडतो. पिल्लं कुणाच्या कळपातली असतील, किंवा बागेच्या तळ्यात पालिकेनं पाळलेली असतील, तर न विचारता नेणं ही चोरी. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा, गुन्हा पहिलाच आणि वस्तू परत केलेली, असं असेल तर समाजसेवेची शिक्षा. पिल्लं चुकलेली असतील, तर ती सांभाळण्यासाठी किंवा मालकाला देण्यासाठी उचलणं गुन्हा नाही. मालक शोधता येत असूनही शोध न घेता गिळंकृत करणं हा गुन्हा आहे. आणि खरोखरच टाकलेली असतील, तर चोरी कुणाची करणार? ती कुणाच्या ताब्यातच नाहीत.

टाकणाऱ्याचं काय? त्याच्यासाठी कायदा आला १९६०मध्ये. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणलं, नेहरूंनी सरकारी कायद्याचं आश्वासन दिलं, आणि प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या अकराव्या कलमानुसार, भुकेनं-तहानेनं हाल होण्याची शक्यता असताना योग्य कारणाशिवाय प्राणी सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत बदक येत नाही. दुसऱ्याचं पिल्लू नेणाऱ्याला तीन वर्षांची भीती आणि स्वतःचं पिल्लू मरायला सोडणाऱ्याला पन्नास रुपये, हा आपल्या कायद्याचा आजचा तोल आहे.

तरीही मला याच कायद्यातलं तिसरं कलम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. प्राण्याचं हित जपण्याचं आणि त्याला अनावश्यक त्रास होऊ न देण्याचं कर्तव्य ते टाकतं त्या माणसावर, ज्याच्याकडे प्राण्याची निगा किंवा ताबा आहे. मालक हा शब्द तिथे लागत नाही. पांजरपोळीनं जे केलं ते इथे कायद्याच्या भाषेत आलं. पिल्लू उचललं त्या क्षणी, ते कुणाचं हा वाद चालू असतानाही, त्याचं पाणी, खाणं, ऊब ही उचलणाऱ्याची जबाबदारी होते. आणि पंधरा दिवसांनी कंटाळून त्यानं ते पुन्हा तळ्यात सोडलं, तर अकरावं कलम आता त्याला लागू होतं.

उचलण्याआधी आणखी एक गोष्ट बघायला हवी. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर २०२०मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. आपल्याकडच्या पाणथळींत राहणारं हळदी-कुंकू बदक हिवाळी पाहुणं नाही, ते बारमाही इथलंच आहे आणि इथेच वीण करतं. त्याची पिल्लं काळपट-पिवळी, डोळ्यावरून गडद पट्टा असलेली. आई गवतात दडलेली असते, पिल्लं तेवढी दिसतात. ती उचलणं हे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीत मोडतं, मग हेतू कितीही चांगला असो. अशा वेळी लांब उभं राहून वाट बघायची आणि शंका असेल तर वन विभागाला कळवायचं. अख्खं पिवळंधमक पिल्लू मात्र बहुधा पाळीव जातीचं असतं. आईच्या पंखाखालची ऊब नसेल तर ते पाण्यात भिजून गारठतं. वाचलंच, तर अंगानं जड झालेलं पाळीव बदक नीट उडू शकत नाही आणि रानातल्या बदकांशी त्याचा संकर होऊ शकतो. ‘मोकळं केलं’ या शब्दाला इथे अर्थ नाही.

तेव्हा आधी आई दिसते का ते पाहावं, आसपासच्या माणसांना विचारावं, बागेत असेल तर माळ्याला सांगावं, आणि मगच हात पुढे करावा. कुणाचंच नसलेलं पिल्लू उचलणं ही चोरी नाही. पण ते फुकटही नाही: नीट सांभाळलेलं बदक दहा वर्षं जगू शकतं.