लश्करातील एक अबोल व्याधी

सन १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आपल्या फौजेचा तळ कायम केला आणि त्या तळाचेच पुढे लश्कर नावाचे शहर झाले. पागा, शिलेदार आणि बारगीर यांच्या आश्रयाने ज्या शहराची वस्ती वाढली, तेथे पुरुषाच्या देहाविषयी जे काही बोलले जाई ते बळ आणि कसरत यांच्याच परिभाषेत बोलले जावे, हे स्वाभाविक होते. आणि म्हणूनच, जी व्याधी पुरुषाला अंथरुणाला खिळवीत नाही, पण ज्या जागी होते त्या जागेचे नाव घेण्याचीही त्याला लाज वाटते, ती व्याधी तालमीतल्या उस्तादालाही सांगितली जात नसे.

ही व्याधी म्हणजे वृषणाकडून वर रक्त नेणाऱ्या शिरांचे फुगणे, अर्थात ‘व्हेरिकोसील’. या शिरांतील पडदे दुबळे झाले की वर चढलेले रक्त पुन्हा खाली उतरते आणि शिरा नागमोडी होऊन तुंबतात. डावीकडची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला जवळजवळ काटकोनात मिळत असल्यामुळे दहांपैकी नऊ वेळा हा विकार डाव्या बाजूलाच आढळतो. शंभरांत सुमारे पंधरा पुरुषांना तो असतो, आणि त्यांतील बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. उभे राहून खोकले असता बोटांना गांडुळांच्या गुंत्यासारखे काहीतरी लागावे, दिवसभर उभे राहिल्यावर जड ओढ जाणवावी आणि निजल्यावर दोन्ही नाहीसे व्हावे, एवढीच याची ओळख.

वैद्यकाला ही गोष्ट नवी नव्हती. सुश्रुताने अंडवृद्धीचे सात प्रकार वर्णिले आहेत. तर इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमच्या सेल्ससने या फुगलेल्या शिरांचे, आणि त्यांच्यापायी लहान होत जाणाऱ्या वृषणाचे, स्पष्ट वर्णन करून ठेवले आहे. तालमीतल्या पहिलवानाने यांतले काहीच वाचले नसले, तरी जोर-बैठका काढण्यापूर्वी तो जो लंगोट कसून बांधी, त्याने ती ओढ आपसूक कमी होई. ब्रह्मचर्याची खूण म्हणून मिरविलेले ते वस्त्र अशा रीतीने औषधाचेही काम करीत होते. मात्र त्याने दुखणे झाकले जाई, बरे होत नसे.

झाकलेले उघडे पडले ते लष्करी भरतीत. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरचे पायदळ पूर्व आफ्रिकेपर्यंत गेले, आणि शेजारच्या भिंड-मुरैन्याकडच्या घरांत फौजेची नोकरी ही आजही प्रतिष्ठेची मिरास आहे. पहाटे सडकांवर धावणारा एखादा उमेदवार दौडीत पहिला येतो आणि वैद्यकीय तपासणीत ‘व्हेरिकोसील’ या एका शेऱ्याने अडतो. आपल्याला काही झाले आहे हे त्याला त्या क्षणी प्रथमच कळते. लहानशी शस्त्रक्रिया करून पुन्हा तपासणीस उभे राहण्याची मुभा असते, म्हणून पुष्कळांची गाडी पुन्हा रुळावर येते.

खरे पाहता शस्त्रक्रियेची गरज सर्वांनाच नसते. दुखत नसेल, वृषण आक्रसत नसेल आणि अपत्याचा प्रश्न नसेल, तर आधार देणारे अंतर्वस्त्र आणि अधूनमधून तपासणी पुरेशी होते. एडिंबरोचे शल्यविशारद टलक यांनी १९५२ साली, या शिरा बांधल्यानंतर एका निर्बीज पुरुषाला अपत्यप्राप्ती झाल्याचे नोंदविले, तेव्हापासून वंध्यत्वाच्या चिकित्सेत या शिरांचा विचार अपरिहार्य झाला. मात्र सूज केवळ उजवीकडेच असेल, उतारवयात एकाएकी आली असेल, किंवा निजूनही ओसरत नसेल, तर पोटात, विशेषतः मूत्रपिंडात, गाठ तर नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. आणि वेदना अकस्मात व असह्य असेल, तर वृषणाला पीळ पडल्याची शंका घेऊन त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

लश्करच्या कंपू भागात जयाजीराव शिंद्यांच्या नावाचे जयारोग्य रुग्णालय आहे, १९४६ पासून गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ रंगवून बसलेल्या हकिमांचा धंदा चालतोच. त्याचे भांडवल औषधी नसून गिऱ्हाइकाची लाज हे आहे. ज्या घरात बाप मुलाला लंगोट बांधायला शिकवितो, त्या घरात त्याने दोन वाक्ये अधिक बोलली, तर ते भांडवल बुडावयास वेळ लागणार नाही.