परळ-लालबाग : गिरणगावातील स्त्रियांचा माग

मुंबईचा इतिहास सांगावयास बसले की बहुधा किल्ल्यापासून आरंभ होतो आणि मलबार टेकडीवर येऊन तो संपतो. मधला परळ, लालबाग, चिंचपोकळी, शिवडी, नायगाव, वरळी हा सारा टापू 'गिरणगाव' या एका शब्दात आटोपला जातो. गिरण्यांचा इतिहासही मालक, पुढारी आणि संप यांच्याच नावांनी सांगितला जातो. तो खोटा नव्हे, परंतु अपुरा मात्र खचित आहे. आपल्या मंडळाच्या भगिनींबरोबर या भागाची फेरी करण्याचा योग मला यंदा आला. तेव्हा मी मनाशी एवढेच ठरविले की, जेथे जाऊ तेथे एक प्रश्न विचारावयाचा : येथे बाई काय करीत होती? त्या प्रश्नाची जी उत्तरे हाती लागली, ती या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचक-भगिनींपुढे ठेवीत आहे.

परळ हे मुळात मुंबईचे उपनगर. शहर कोटाच्या आत आणि परळ गावाबाहेर, वाड्या-बागांचे. त्याचा जुनेपणा याहूनही मागे जातो. 1931 साली रस्त्याच्या कामात येथे शिवाची एक भव्य शिळा सापडली. एकाच दगडात एकातून एक उमललेल्या शिवमूर्ती कोरलेल्या ही शिळा सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची असून बारादेवीच्या मंदिरात तिची पूजा होते. पुढे इंग्रजांच्या अमदानीत जेझुइट पाद्र्यांच्या जुन्या वास्तूचा गव्हर्नरांचा बंगला झाला. हवा चांगली म्हणून साहेब लोक येथे राहावयास येत, असा या परळचा लौकिक होता.

हा लौकिक गिरण्यांनी पालटला. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली ताडदेव येथे मुंबईतील पहिली कापड गिरणी काढली आणि 1856 पासून तिचे सूत बाजारात येऊ लागले. त्यानंतर गिरण्या उत्तरेकडे सरकत परळ-लालबागेत आल्या. येथे जागा मोकळी होती आणि 1853 साली सुरू झालेली आगगाडी जवळून जात होती. बागांच्या जागी धुराडी उभी राहिली. 1896 साली शहरात प्लेग आला, तोवर गव्हर्नरांनी आपले बिऱ्हाड मलबार टेकडीवर नेले होते. 1899 साली त्यांच्या रिकाम्या बंगल्यात डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. आचार्य दोंदे मार्गावरील तीच आजची हाफकिन संस्था. जेथे मेजवान्या झडत तेथे लस तयार होऊ लागली, यावरून हे उपनगर कोणाचे होत चालले होते ते कळून येते.

ते होत चालले होते कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांचे. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या बाजूंनी गडी येत व नातलगाच्या किंवा गाववाल्याच्या खोलीत पथारी टाकीत. सरकारने 1920 साली विकास खाते काढून वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे चाळी बांधल्या. याच आपल्या बीडीडी चाळी. एकंदर 207 चाळी आणि प्रत्येक खोली अवघी 160 चौरस फुटांची! गिरणीच्या पगारात सारे कुटुंब शहरात पोसणे बहुतेकांना परवडत नसे, म्हणून बायको गावी राहून शेत, गुरे आणि म्हातारी माणसे सांभाळी. गिरणीला स्वस्त मजूर मिळाला तो या गावच्या बाईच्या कष्टांवर. तिने गिरणीचे तोंडही पाहिले नाही, तरी गिरण्यांच्या इतिहासात तिचे पान असावयास हवे.

शहरात ज्या बायका आल्या त्यांत नवऱ्याबरोबर आलेल्या होत्या, तशा विधवा आणि टाकलेल्याही पुष्कळ होत्या. या बायका रीळ खात्यात आणि वाइंडिंग खात्यात काम करीत, म्हणजे सूत उकलून कांड्यांवर भरीत. मजुरी बहुधा कामाच्या मापावर. त्यांना कामावर घेणे-काढणे नायकिणीच्या हाती असे. पुरुषांचा जसा जॉबर, तशी बायकांची नायकीण. या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत मुंबईच्या गिरण्यांतील दर पाच कामगारांमागे सुमारे एक बाई होती, हे आज सांगितले तर कित्येकांना खरे वाटत नाही.

या बायका मुक्याही नव्हत्या. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभारली. आठवड्याची सुटी मिळावी म्हणून त्यांनी 24 एप्रिल 1890 रोजी मोठी सभा भरविली. त्या सभेस सुमारे दहा हजार कामगार जमले आणि तीत दोन कामकरी बायकांनी भाषणे केली. घरात चार माणसांपुढे बोलण्याची ज्या काळी स्त्रियांना चोरी होती, त्या काळी या दोघी दहा हजारांपुढे उभ्या राहिल्या! 10 जून 1890 पासून रविवारची सुटी मिळू लागली. आज आपण रविवार उपभोगतो तेव्हा लोखंड्यांबरोबर त्या दोघींचेही ऋण मानले पाहिजे.

फेरीत आम्ही आचार्य दोंदे मार्गावरून चालत असता एका बाजूस के. ई. एम., पलीकडे टाटा आणि जवळच वाडियांची दोन रुग्णालये दिसली. त्यांपैकी नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह 1926 सालचे. गिरणगावच्या बाईला त्याची किती निकड होती हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी 1921-22 च्या सुमारास कामकरी बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली. तेव्हा असे आढळले की, जवळजवळ सर्वच तान्ह्या मुलांना अफूची 'बाळगोळी' दिली जात होती. आई दिवसभर साच्यांच्या खडखडाटात, मूल खोलीत किंवा गिरणीच्याच एखाद्या कोपऱ्यात. ते रडले तर मजुरी बुडणार. आईची माया कमी होती म्हणून नव्हे, तर दुसरा उपाय नव्हता म्हणून ती गोळी दिली जाई.

या स्थितीवर उपाय म्हणून मुंबई विधिमंडळात प्रसूतीच्या भत्त्याचे विधेयक आले. 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यास पाठिंबा देताना आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका मांडली. 1929 साली कायदा झाला. आपल्या देशातील अशा प्रकारचा तो पहिलाच कायदा होय. आज नोकरी करणाऱ्या आपल्या मुली-सुनांना बाळंतपणाची पगारी रजा मिळते, त्या रजेचे मूळ परळच्या या रीळ खात्यांत आहे.

परंतु या कहाणीला दुसरी बाजू आहे, आणि ती कडू आहे. भत्ता द्यावयाचा आणि पाळणाघर ठेवावयाचे, यापेक्षा बाई कामावर न ठेवणेच मालकांना सोयीचे वाटू लागले. रात्री बायकांकडून काम करून घेण्यास 1891 च्या कायद्यापासून बंदी होती. गिरण्या दोन-तीन पाळ्यांनी चालू लागल्या तेव्हा हीच बंदी त्यांना काढून टाकण्यास निमित्त झाली. त्यातच नवी यंत्रे आली आणि बायकांची खाती आक्रसली. आधी मिळालेली जागा पुरुषाला द्यावी, तो घर चालवितो, असे म्हणताना संघटनांनाही फारसे वावगे वाटले नाही. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या कार्यकर्त्या बायकांमध्ये झटत होत्या, तरीही 1930 नंतर बायकांचे प्रमाण घसरतच गेले. गिरणगाव 1982 च्या संपाने उजाड झाले असे आपण म्हणतो. बायकांपुरते पाहिले तर ते त्याच्या कितीतरी आधीपासून उजाड होऊ लागले होते.

गिरणीचे दार बंद झाले म्हणून बाई स्वस्थ बसली नाही. तिने आपल्या त्या 160 चौरस फुटांच्या खोलीत खाणावळ घातली. पंधरा-वीस गड्यांना दोन वेळा जेवू घालावयाचे, कोणाची पहिली पाळी, कोणाची तिसरी, त्याप्रमाणे पहाटे तवा चढवावयाचा आणि पैसे मात्र पगाराच्या दिवशी. संप झाला की पगार थांबे, पण भूक थांबत नसे. मग वाण्याची उधारी, सावकाराचे भारी व्याज, प्रसंगी अंगावरचा दागिना. संपाचा खर्च अशा रीतीने चुलीपाशी बसलेल्या बाईने सोसला आहे. या खाणावळवाल्यांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन केले. ज्यांच्याकडे तारण ठेवावयास काही नव्हते अशा बायकांनी एकमेकींना जामीन राहून बँकेचे कर्ज घेतले आणि सावकाराचा पाश तोडला. प्रेमाताईंना 2002 साली पद्मश्री मिळाली. महिला मंडळ म्हणजे हळदीकुंकू आणि पाककृतींची स्पर्धा, असे जे हसून म्हणतात त्यांनी हे उदाहरण ध्यानी धरावे.

18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून मिटल्या. 1991 च्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे व्हावयाचे होते : एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेस, एक घरांसाठी, एक मालकास. 2001 साली हा हिशेब केवळ मोकळ्या जमिनीपुरता धरावा असे ठरले, आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. त्यामुळे घरे आणि बागा यांच्या वाट्याला फार थोडे आले. कामगारांच्या घरांसाठी दीड लाखांहून अधिक अर्ज आले होते. 2012 च्या सोडतीत निघालेली घरे सात हजारांच्या आतच होती. ज्या घरातील पुरुषाचे काम गेले तेथे बाईनेच चार घरची धुणीभांडी, पोळीभाजीचे डबे आणि शिवणकाम यांवर संसार ओढला.

शेवटी आम्ही लालबागच्या मसाला गल्लीत आलो. चाकरमान्यांच्या घरांसाठी वसलेला हा बाजार गिरण्या गेल्या तरी टिकला आहे. बेडगी, काश्मिरी, संकेश्वरी मिरच्यांचे ढीग, भाजल्या धण्यांचा वास आणि डंकांचा धडधडाट. आमच्यातील कित्येकींनी वर्षाचा मालवणी मसाला तेथेच कुटून घेतला. डंकापाशी मिरची कुटून घेण्यास उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईंना मी माझा नेहमीचा प्रश्न केला. त्या म्हणाल्या, "काय करीत होते म्हणजे? बावीस गडी जेवत होते माझ्याकडे!" एवढे बोलून त्यांनी आपली पिशवी उचलली आणि त्या चाळीकडे वळल्या.

चाळी आता पाडल्या जात आहेत आणि त्यांच्या जागी उंच इमारतींत पाचशे चौरस फुटांची घरे होत आहेत. ती होऊ देत. ज्यांनी 160 फुटांत जन्म काढला त्यांना ऐसपैस घर मिळाले तर कोणास आनंद होणार नाही? मात्र चाळीबरोबर खाणावळीच्या वह्या, हजेरीची बिल्ले-कार्डे आणि म्हाताऱ्या बायकांच्या आठवणीही जातील. माझी मंडळाच्या चालकांस विनंती आहे की, पुढील वर्षभरात आपल्या ओळखीतील अशा दहा तरी बायकांच्या हकीकती त्यांच्याच शब्दांत लिहून घ्याव्यात आणि पुढील स्मरणिकेत छापाव्यात. ज्या भगिनींना हे काम करावयाचे असेल त्यांनी आपली नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. माझे नाव मी आधीच दिले आहे.