ॲल्युमिनियमच्या मासेमारी नौकेतील निर्मितिदोष

ॲल्युमिनियमच्या मासेमारी नौकेतील निर्मितिदोष म्हणजे धातूची निवड, पत्र्यांची जोडणी, तरणकप्प्यांची बांधणी किंवा सुट्या भागांची जुळणी यांत नौका तयार होतानाच राहून गेलेल्या उणिवा होत. वापरामुळे होणारी झीज, आदळल्याने पडणारे पोचे आणि चुकीच्या हाताळणीमुळे होणारे नुकसान यांचा त्यात समावेश होत नाही. यांतील अनेक दोष नौका कोरडी व रिकामी असताना दिसत नाहीत. पाण्यात उतरून तिच्यावर भार पडल्यानंतरच ते उघड होतात.

पार्श्वभूमी

ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश असते. त्यामुळे या धातूची लहान नौका दोन-तीन माणसांना उचलून किंवा ओढून नेता येते. पाणी आटल्यावर काठ दूर जाणाऱ्या जलाशयांत हा गुण विशेष उपयोगी ठरतो.

बुलढाणा जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तेथील मासेमारी देऊळगाव राजा तालुक्यातील खडकपूर्णा प्रकल्प (संत चोखासागर), मोताळा तालुक्यातील नळगंगा प्रकल्प, पैनगंगेवरील पेनटाकळी प्रकल्प यांसारखे जलाशय आणि लहान तलाव यांवर अवलंबून आहे. महाराष्ट्रात अशा जलाशयांतील मासेमारीचे हक्क प्रामुख्याने मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. त्यांत कटला, रोहू व मृगळ या जातींचे बीज सोडले जाते. होडी नादुरुस्त झाल्यास खोल पाण्यातील जाळी काढता येत नाहीत. ठेक्याची मुदत मात्र चालूच राहते. म्हणून नव्या नौकेतील दोष हा जीविताबरोबरच उपजीविकेचाही प्रश्न असतो.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत (२०२०) वैयक्तिक लाभार्थ्यांसाठीच्या घटकांना सर्वसाधारण प्रवर्गात ४० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती व अनुसूचित जमातींना ६० टक्के अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली. पारंपरिक मच्छीमारांना नौका व जाळी पुरविणे हाही या योजनेचा एक घटक आहे.

दोषांचे प्रकार

धातूविषयक दोष: नौकेच्या तळासाठी मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातू, उदाहरणार्थ ५०५२ किंवा ५०८३, योग्य मानले जातात. तांबेयुक्त मिश्रधातू पाण्यात लवकर क्षरतात. ठरल्यापेक्षा पातळ पत्रा वापरल्यास तळ लवचतो व सांध्यांवर ताण येतो. रंग दिल्यावर मिश्रधातूचा प्रकार किंवा पत्र्याची जाडी डोळ्यांनी ओळखता येत नाही.

जोडणीचे दोष: ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सियसला वितळते, त्याच्या पृष्ठभागावरील ऑक्साइडचा थर मात्र सुमारे २,०५० अंशांना वितळतो. वेल्डिंगपूर्वी हा थर, तेल व ओलावा नीट काढला नाही, तर सांधा अपुरा जुळतो किंवा त्यात हायड्रोजनचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात. असा सांधा वरून सुबक दिसला तरी लाटांच्या व इंजिनाच्या कंपनांनी त्याला तडे जाऊ शकतात. रिव्हेटच्या नौकांत मोठी पडलेली छिद्रे, सैल रिव्हेट आणि सांध्यात अपुरे भरलेले जलरोधक ही गळतीची प्रमुख कारणे असतात.

तरणकप्प्यांचे दोष: नौकेत पाणी शिरले तरी ती तरंगत राहावी यासाठी हवाबंद कप्पे किंवा फोम बसवतात. कप्पा गळका असल्यास किंवा फोम पाणी शोषणारा असल्यास नौका हळूहळू जड होते आणि संकटाच्या वेळी हा आधार निरुपयोगी ठरतो.

विजातीय धातूंमुळे होणारे क्षरण: पितळ, तांबे किंवा पोलाद यांचे भाग रोधक वायसर न घालता थेट बसवल्यास ओलाव्यात विद्युत-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम झिजते. तांबेयुक्त रंगाचाही असाच परिणाम होतो. ऑक्साइडचा संरक्षक थर साधारणपणे उदासीन पाण्यात टिकतो. तीव्र अल्कधर्मी पाण्यात तो विरघळतो. याच जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी तीव्र अल्कधर्मी आहे.

स्वीकृतीपूर्व तपासणी

मिश्रधातूचा प्रकार, पत्र्याची जाडी, नौकेचे वजन, वहनक्षमता आणि इंजिनाची कमाल अश्वशक्ती यांची नोंद मागणीपत्रात असल्यास नंतरचे वाद टळतात. मिश्रधातूची खात्री पत्रा उत्पादकाच्या चाचणी प्रमाणपत्रावरून, तर जाडीची खात्री श्राव्यातीत मापकाने होते. गळती शोधण्यासाठी नौका तळाला सर्वत्र आधार देऊन ठेवतात, आत थोडे पाणी भरतात आणि बाहेरील कोरडे सांधे पाहतात. हवाबंद कप्प्यात अल्प दाबाने हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावल्यास गळतीच्या जागी बुडबुडे येतात. वेल्डिंगमधील बारीक तडे रंगद्रव्यभेदन चाचणीने दिसतात. ही चाचणी रंग देण्यापूर्वी करावी लागते. अखेरची चाचणी पूर्ण भारासह पाण्यात घेतली जाते.

कायदेशीर तरतुदी

वस्तुविक्री अधिनियम, १९३० नुसार खरेदीदाराला माल स्वीकारण्यापूर्वी तपासण्याची वाजवी संधी मिळणे आवश्यक आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ व्यापारी हेतूच्या खरेदीला संरक्षण देत नाही. तथापि केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही. खरेदीचा हेतू हा प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीवरून ठरवायचा प्रश्न असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात स्पष्ट केले.

तक्रारदाराला तो राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसल्यास आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्यामुळे तक्रारीपूर्वी परस्पर दुरुस्ती केल्यास पुरावा नष्ट होण्याचा संभव असतो.

अमेरिकेत १९७१ च्या संघीय नौका सुरक्षा कायद्याने नौकेतील सुरक्षाविषयक दोषांची सूचना मालकांना देणे उत्पादकांवर बंधनकारक केले.

हे सुद्धा पहा

खडकपूर्णा धरण
लोणार सरोवर
ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९