दुसरं नाव कुणाचं? (अभिजीत सावंत, जकार्ता आणि आपली मतं)

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन निवांत वाचा.

गणपती जवळ आले की आपल्याकडं गाण्याच्या स्पर्धांचे बोर्ड लागतात. ‘व्हॉइस ऑफ अमुक’, ‘तमुक आयडॉल’. खाली एक ओळ असते, ‘प्रेक्षक पसंती पुरस्कार’. त्या एका ओळीवरनं दरवर्षी कुठं ना कुठं वाजतंच. म्हणून आज एका जुन्या स्पर्धेची गोष्ट सांगतो. ती लोणंदची नाही. पार इंडोनेशियात जकार्ताला झाली, २००७ साली. पण तिथं भारताकडून उभा राहिलेला गायक आपला मराठी होता, आणि तिथला मतदानाचा नियम आपल्या मंडळांनी शिकून घ्यावा असा होता.

आता जरा मागं जाऊ.

२००१ साली इंग्लंडमध्ये ‘पॉप आयडॉल’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. कल्पना साधी. नवखी पोरं-पोरी गाणार, परीक्षक बोलणार, पण शेवटचा निकाल फोनवरनं मत देणारी जनता लावणार. २००२ मध्ये तो अमेरिकेत गेला आणि ऑक्टोबर २००४ मध्ये ‘इंडियन आयडॉल’ होऊन सोनी टीव्हीवर आला. परीक्षक अनू मलिक, सोनू निगम आणि फराह खान.

मी तेव्हा पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच गावाकडच्या बातम्या पाठवायला लागलो होतो. कांद्याचे भाव, पाण्याची पाळी, अपघात, यात्रा. आपल्याकडं मोबाईल पोरांच्या खिशात यायला लागलेले ते दिवस. त्या मोबाईलचा पहिला सार्वजनिक उपयोग काय झाला म्हणाल, तर एका गायकाला मत द्यायला. साध्या मेसेजपेक्षा हा मेसेज महाग पडायचा, तरी लोक पाठवत होते. मतपेटीसमोर पाच वर्षांनी एकदा उभं राहणाऱ्या माणसाला दर आठवड्याला मत द्यायला मिळत होतं, आणि तेही पाहिजे तितक्या वेळा.

५ मार्च २००५ ला अंतिम निकाल लागला. मुंबईचा अभिजीत सावंत विरुद्ध भिलाईचा अमित साना. अभिजीत जिंकला. तिसरा राहिलेला राहुल वैद्य, तोही मराठीच. ‘मराठी पोरानं देश जिंकला’ अशी भावना त्या आठवड्यात गावोगाव होती. अभिजीत चांगला गायचा, यात शंका नाही. पण त्याला मत देणाऱ्या सगळ्यांनी अमितचं गाणं त्याच्याशेजारी ठेवून तोललं होतं का? नाही. आडनाव बघितलं, सावंत, विषय संपला. भिलाईतही तेच झालं असणार.

ही गोष्ट किती लांब जाऊ शकते, ते दोन वर्षांनी दिसलं.

२००७ च्या तिसऱ्या पर्वात शेवटी दोघं उरले. दार्जिलिंगचा प्रशांत तमांग, कोलकाता पोलिसातला साधा शिपाई, आणि शिलाँगचा अमित पॉल. दार्जिलिंगच्या डोंगरात लोकांनी वर्गण्या काढून मेसेज पाठवले. बिमल गुरुंग नावाचा स्थानिक नेता या मोहिमेत पुढं होता. २३ सप्टेंबरला प्रशांत जिंकला. त्यानंतर दिल्लीतल्या एका रेडिओवर नेपाळी समाजाची टिंगल करणारं काहीतरी बोललं गेलं. त्याच्या निषेधावरनं सिलिगुडीत दंगल पेटली, संचारबंदी लावावी लागली. आणि ७ ऑक्टोबरला, म्हणजे निकालानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, गुरुंग यांनी गोरखा जनमुक्ती मोर्चा हा पक्ष काढला. वेगळ्या गोरखालँडची मागणी नव्यानं उभी राहिली. ज्या सुभाष घिसिंग यांचा त्या डोंगरावर वीस वर्षं शब्द चालत होता, त्यांचं आसन हललं ते याच काळात.

गाण्याच्या स्पर्धेनं हे सगळं केलं असं मी म्हणत नाही. राग आधीच साठलेला होता. पण ‘आपण इतके आहोत, आणि ठरवलं तर एका माणसाच्या मागं उभं राहू शकतो’ हे त्या लोकांना मतं मोजल्यावर कळलं. मोठमोठ्या सभांनी जमत नाही ते काम एका मेसेजच्या नंबरानं केलं.

याच वर्षाच्या डिसेंबरात जकार्ताला ‘एशियन आयडॉल’ भरलं. सहा देश होते: भारत, इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि व्हिएतनाम. प्रत्येक देशाचा एक आयडॉल. भारताकडं तोवर तीन विजेते झाले होते: अभिजीत, बिकानेरचा संदीप आचार्य आणि प्रशांत तमांग. मंचावर गेला तो पहिला, अभिजीत. प्रत्येक देशाचा एक परीक्षकही होता, आपल्याकडून अनू मलिक. गायकानं एक गाणं इंग्रजीत आणि एक आपल्या भाषेत म्हणायचं. २००५ मध्ये जो ‘आपला मराठी’ होता, तो जकार्तात ‘भारताचा’ झाला आणि त्याची ‘आपली भाषा’ हिंदी झाली. माणूस तोच, गळा तोच. आपण कुठं उभं राहून बघतो त्यावर आपलेपणाची कुंपणं कशी सरकतात बघा.

आता मूळ मुद्दा, नियमाचा.

आयोजकांपुढं अडचण उघड होती. सहा देशांत मतदान घेतलं तर प्रत्येक देश आपल्याच माणसाला मत देणार. मग गाण्याचं काय? म्हणून त्यांनी नियम केला की एका मेसेजमध्ये दोन नावं पाहिजेत. दोन वेगवेगळी. एकच नाव पाठवलं तर मत बाद.

म्हणजे पहिलं नाव तुमच्या घरचं टाका, कुणी अडवत नाही. पण दुसरं नाव टाकायला तुम्हाला बाकीच्या पाच जणांचं ऐकावंच लागेल. परक्या भाषेत गाणाऱ्या, परक्या चेहऱ्याच्या माणसांतून एक निवडावा लागेल.

निकाल लागला आणि जिंकला सिंगापूरचा हादी मिर्झा. सहा देशांतला सगळ्यात लहान देश, लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखांच्या आत. म्हणजे आपला एकटा पुणे जिल्हासुद्धा त्याच्यापेक्षा मोठा. तिसरा अभिजीत सावंत. यजमान इंडोनेशियाचा माइक मोहेदे घरच्या मैदानावर जिंकला नाही.

लोकांनी तेव्हा हिशोब लावला तो असा. मलेशियावाल्यानं पहिलं नाव मलेशियाचं टाकलं, इंडोनेशियावाल्यानं इंडोनेशियाचं. दुसरं कुणाचं टाकायचं? शेजारचा हादी मलय भाषेत गातो, ती दोघांनाही समजते. त्यामुळं तो पुष्कळांचा ‘दुसरा’ झाला आणि दुसऱ्या पसंतीच्या जोरावर पहिला आला. काहींनी यावरनं नाकं मुरडली, की हा सगळ्यांत चांगला होता म्हणून जिंकला नाही, चालून गेला म्हणून जिंकला. त्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. नियम कितीही चांगला केला तरी शेजार आणि भाषा पूर्ण पुसली जात नाही.

पण मला यात अभिजीतचा तिसरा नंबर जास्त महत्त्वाचा वाटतो. भारताचा शेजारी म्हणावा असा एकही देश त्या सहांत नव्हता. नेपाळ नाही, बांगलादेश नाही, श्रीलंका नाही. हिंदी मातृभाषा असलेला दुसरा देश नाही. तरी तो तिसरा आला. इंडोनेशिया-मलेशियात हिंदी सिनेमाची गाणी वर्षानुवर्षं ऐकली जातात, त्याचा हात असेल. त्याच्या स्वतःच्या गळ्याचा तर आहेच. २००५ चा विजय मोठा होता, पण त्यात आपल्या आडनावाचा वाटा होता. जकार्तातली बाहेरच्यांची मतं मात्र त्यानं आडनावाशिवाय मिळवली. तिथं सावंत म्हणजे कोण, हे कुणाला ठाऊक होतं?

याच्या आधी २००३ च्या नाताळात ‘वर्ल्ड आयडॉल’ झालं होतं, त्यात भारत नव्हता. तिथला नियम आणखी कडक. आपल्या देशाच्या गायकाला मत देताच येत नव्हतं. प्रत्येक देशाचे बारा गुण त्याच्या स्वतःच्या गायकाला आपोआप जमा, म्हणजे सगळ्यांनाच सारखे, म्हणजे हिशोबाला शून्य. बाकीच्यांनाच काय ते गुण द्यायचे. तिथं जिंकला नॉर्वेचा कर्ट निल्सन, पेशानं प्लंबर. हरली कोण? अमेरिकेची केली क्लार्कसन, त्या वेळची सगळ्यांत गाजलेली आयडॉल. आणि नॉर्वेही सिंगापूरसारखाच लहान देश. जिथं जिथं परक्याला ऐकायची सक्ती झाली, तिथं लहान देशाच्या माणसाला संधी मिळाली. माझ्या लेखी हा योगायोग नाही.

म्हणाल, हे सगळं जुनं झालं. मग ऑक्टोबर २०२४ आठवा. ‘बिग बॉस मराठी’चं पाचवं पर्व. शेवटी कोण राहिले? एकीकडं हाच अभिजीत सावंत, आणि दुसरीकडं नीरा ओलांडली की मोरगावच्या बाजूला असलेल्या मोढव्याचा सूरज चव्हाण. आता आपल्या भागातला माणूस कोण झाला? सूरज. २००५ चा ‘आपला अभिजीत’ आता मुंबईवाला झाला. सूरज जिंकला, चांगलं झालं. गरिबीतनं आलेलं पोरगं आहे, मलाही आनंद झाला. ती गाण्याची स्पर्धाही नव्हती. पण वीस वर्षांत आपण मत द्यायची पद्धत काही बदलली नाही, एवढं खरं.

आणि आता गणपतीच्या मंडपाकडं येतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका मंडळानं मला सूत्रसंचालनाला बोलावलं होतं. नाव सांगत नाही, कारण हे सगळीकडंच होतं. एक मुलगी आली होती, बाहेरच्या वस्तीवरची. आई-वडील मोलमजुरीला. ती गायली तेव्हा मागं भेळेच्या गाडीवर उभे असलेले लोकसुद्धा गप्प झाले. परीक्षकांनी तिला दुसरा नंबर दिला. प्रेक्षक पसंतीच्या चिठ्ठ्या मोजल्या तर तिच्या नावाच्या चार. पहिला आलेल्याच्या नावाच्या दीडशेवर. त्याची भावकी मोठी, मित्र मोठे, घरचं माणूस सोसायटीवर. पोरगं वाईट गात नव्हतं. पण मंडपातल्या प्रत्येकानं त्या मुलीला ऐकलं होतं, आणि चिठ्ठीवर तिचं नाव लिहायला कुणाचा हात गेला नाही. कारण चिठ्ठीवर जागाच एका नावाची होती, आणि ती घरच्या माणसाला गेली. पुढच्या वर्षी ती मुलगी आली नाही.

आपल्याला परक्याचं ऐकता येत नाही असं नाही. माउलींची पालखी नीरास्नान करून लोणंदला येते तेव्हा कुठली कुठली दिंडी आपल्या दारात भजन म्हणते. आपण आधी ऐकतो, माना डोलवतो, आणि मग विचारतो, ‘माउली, गाव कुठलं?’ आधी गाणं, मग गाव. स्पर्धेत मात्र आपण उलटं करतो.

म्हणून मंडळांच्या पोरांना आणि कार्यकर्त्यांना माझी एक सूचना आहे. यंदा प्रेक्षक पसंतीच्या चिठ्ठीवर दोन ओळी छापा. पहिलं नाव आणि दुसरं नाव. एकच नाव लिहिलं तर चिठ्ठी बाद. छपाईला पैसा जादा लागत नाही. मोजायला अर्धा तास जास्त जाईल, माणसं कमी पडली तर मी येतो मोजायला.

भावकीचं मत भावकीला जाऊ द्या. ते थांबवता येणार नाही आणि त्यात फार वाईटही नाही. पण दुसऱ्या ओळीवर लोक कुणाचं नाव लिहितात, ते एकदा मोजून बघू. ज्या मंडळाला हे करायचंय त्यांनी कळवा.