अनपेक्षित स्वयंचलित ब्रेक : एका यांत्रिक निर्णयाचा इतिहास

प्रस्तावना

मोकळ्या, सरळ रस्त्यावरून मोटार वेगाने जात आहे. पुढे वाहन नाही, पादचारी नाही, वळणही नाही. अशा वेळी चालकाने पाय लावलेला नसतानाही ब्रेक एकाएकी लागतो. चालक गोंधळतो आणि मागून येणाऱ्यास सावरण्यापुरता अवधी उरत नाही. चालक-साहाय्य प्रणाली बसविलेल्या मोटारींच्या संदर्भात गेल्या काही वर्षांत वारंवार नोंदविल्या गेलेल्या या घटनेस 'फँटम ब्रेकिंग', म्हणजेच भासमान अडथळ्यासाठी लागलेला ब्रेक, असे नाव रूढ झाले आहे.

या घटनेकडे सामान्यतः तांत्रिक बिघाड म्हणून पाहिले जाते. तथापि यंत्राने माणसाच्या आज्ञेवाचून थांबावे, ही कल्पना मोटारीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वेने ती स्वीकारली आणि यशस्वीही करून दाखविली. रेल्वेत हे यश कोणत्या अटींवर मिळाले आणि तीच कल्पना रस्त्यावर आणताना त्यांपैकी कोणती अट मागे राहिली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रेल्वेचा वारसा

अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाउस याने १८६९ मध्ये रेल्वेगाडीसाठी हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक तयार केला. इंजिनातून नळीवाटे दाबाची हवा सोडली की डब्यांचे ब्रेक लागत. या रचनेत एक मोठी उणीव होती. नळी तुटली किंवा डबे सुटले, तर ब्रेकही निकामी होई. १८७२ मध्ये वेस्टिंगहाउसने ही रचना उलटी केली. नव्या पद्धतीत नळीतील दाब कायम असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहत आणि दाब कमी होताच ते आपोआप लागत. म्हणजे बिघाड झाला की गाडी थांबणार, हे तत्त्व यंत्राच्या रचनेतच घातले गेले. सुरक्षाविषयक अभियांत्रिकीच्या इतिहासात या बदलाचे महत्त्व असाधारण आहे.

मात्र हे तत्त्व सर्वत्र स्वीकारले जाण्यास एक भीषण दुर्घटना कारणीभूत ठरली. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे मुलांना सहलीस नेणारी एक गाडी चढावर अडकली. कर्मचाऱ्यांनी गाडीचे दोन भाग करण्याचे ठरविले. गाडीचा व्हॅक्यूम ब्रेक स्वयंचलित नव्हता, त्यामुळे जोडणी सोडताच मागील डब्यांवरील त्याची पकड संपली. ते डबे उतारावरून मागे घसरत गेले आणि त्याच मार्गाने येणाऱ्या दुसऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण मृत्युमुखी पडले आणि त्यांत मुलांची संख्या मोठी होती.

या दुर्घटनेत दोन उणिवा एकत्र आल्या होत्या. एक ब्रेकची आणि दुसरी मार्गाच्या व्यवस्थेची. तेथे एका गाडीमागून दुसरी गाडी ठरावीक वेळेच्या अंतराने सोडली जात असे. पहिली गाडी पुढचा टप्पा ओलांडून गेली आहे की नाही, याची खात्री करून घेतली जात नसे. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने केलेल्या रेल्वे नियमन कायद्याने या दोन्ही उणिवांची दखल घेतली. प्रवासी गाड्यांना सलग स्वयंचलित ब्रेक बसविणे, सिग्नल व सांधे यांचे इंटरलॉकिंग करणे आणि एका टप्प्यात एकावेळी एकच गाडी ठेवणारी ब्लॉक पद्धती पाळणे, अशा तिन्ही गोष्टी सक्तीच्या करण्याचा मार्ग या कायद्याने मोकळा केला.

या तिन्ही तरतुदी एकाच कायद्यात आल्या, ही बाब प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने कळीची आहे. आपोआप थांबणारी गाडी सुरक्षित ठरते ती तिच्या मागचा मार्ग बंद असतो म्हणून. 'शंका आली की थांबावे' हे तत्त्व ब्रेकच्या आधारावर जितके उभे आहे तितकेच ते ब्लॉकच्या आधारावरही उभे आहे.

मोटारीत स्वयंचलित ब्रेकचा प्रवेश

पुढील अडथळा यंत्राने ओळखावा, ही कल्पना मोटारउद्योगात विसाव्या शतकाच्या मध्यास दिसू लागते. १९५९ मध्ये जनरल मोटर्सने प्रदर्शनासाठी तयार केलेल्या 'कॅडिलॅक सायक्लोन' या गाडीच्या पुढील भागात रडार बसविलेले होते. ते केवळ चालकास सूचना देण्यासाठी होते. १९८७ ते १९९५ या काळात युरोपात 'प्रोमिथिअस' या मोठ्या संशोधन प्रकल्पाने या विषयास गती दिली. १९९९ मध्ये मर्सिडीज-बेंझने रडारच्या साहाय्याने पुढील वाहनापासून अंतर राखणारी प्रणाली बाजारात आणली. २००३ मध्ये होंडाने जपानमध्ये 'इन्स्पायर' या मोटारीत टक्कर अटळ दिसताच स्वतःहून ब्रेक लावणारी प्रणाली दिली. २००८ मध्ये व्होल्वोच्या 'एक्ससी ६०' या गाडीत ताशी ३० किलोमीटरपर्यंतच्या वेगात काम करणारा स्वयंचलित ब्रेक आला.

या आरंभीच्या प्रणालींचे समान वैशिष्ट्य म्हणजे त्यांचा संकोच. टक्कर टाळण्यापेक्षा तिची तीव्रता कमी करणे, शेवटच्या क्षणी हस्तक्षेप करणे किंवा केवळ कमी वेगात काम करणे, अशा मर्यादा त्यांच्या निर्मात्यांनी स्वतःहून घालून घेतल्या होत्या. या संकोचामागे विचार होता. मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना विनाकारण लागलेला ब्रेक हा स्वतःच एक अपघात घडवू शकतो, याची त्यांना जाणीव होती.

दोन चुकांमधील निवड

हा पेच समजून घेण्यासाठी संकेत-शोध सिद्धान्ताचा आधार घ्यावा लागतो. रडारच्या अभ्यासातून १९५० च्या दशकात आकारास आलेल्या या सिद्धान्ताचे विस्तृत विवेचन डेव्हिड ग्रीन व जॉन स्वेट्स यांच्या १९६६ च्या ग्रंथात आढळते. गोंगाटातून संकेत शोधणाऱ्या कोणत्याही यंत्रणेकडून दोन प्रकारच्या चुका संभवतात. नसलेला धोका दिसणे ही एक आणि असलेला धोका न दिसणे ही दुसरी. यंत्रणेची पारख तितकीच राहिली, तर निर्णयाचा उंबरठा सरकवून एक चूक कमी केल्यास दुसरी वाढते.

मोटारीतील उपकरणांच्या मर्यादा येथे स्पष्ट होतात. रडारला वस्तूचे अंतर आणि सापेक्ष वेग उत्तम कळतो. परंतु दीर्घकाळ वापरात असलेल्या मोटार-रडारांना वस्तूची उंची नीट कळत नसे. परिणामी रस्त्यात उभी असलेली गाडी, डोक्यावरील लोखंडी फलक, पूल किंवा खोदकामावर झाकलेला पोलादी पत्रा यांच्यात भेद करणे कठीण जाई, कारण या सर्व वस्तू सारख्याच वेगाने जवळ येताना दिसतात. कॅमेऱ्याला आकार ओळखता येतो, पण सावल्या, तिरपे ऊन, पाऊस व धुके त्याला चकवितात.

खोट्या ब्रेकची भीती कोणत्या थरास जाऊ शकते, हे दोन घटनांतून दिसून येते. ७ मे २०१६ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात विलिस्टनजवळ एक टेस्ला मोटार रस्ता ओलांडणाऱ्या मालवाहू ट्रेलरवर आदळली व चालकाचा मृत्यू झाला. ब्रेक लागला नव्हता. खोटे ब्रेक टाळण्यासाठी उंचावरील फलकासारखे दिसणारे संकेत रडार बाजूला सारते, असे स्पष्टीकरण कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी त्या वेळी जाहीरपणे दिले होते. दुसरी घटना १८ मार्च २०१८ ची आहे. ॲरिझोना राज्यातील टेंपी येथे उबर कंपनीच्या चाचणी-मोटारीने रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेस धडक दिली आणि त्यात तिचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत असे आढळले की, गाडीच्या संवेदकांना ती महिला धडकेपूर्वी पाच सेकंदांहून अधिक काळ आधी दिसली होती. तथापि मूळ गाडीतील स्वयंचलित ब्रेक चाचणीच्या वेळी बंद ठेवलेला होता आणि उबरच्या प्रणालीत धोका जाणवल्यावरही एक सेकंद कृती रोखून धरण्याची योजना होती. गाडीने उगाच धक्के देऊ नयेत, हा त्यामागील हेतू होता. खोटा ब्रेक टाळण्याची किंमत येथे एका पादचाऱ्याने मोजली.

उंबरठा सरकतो

दुसऱ्या बाजूने ब्रेक लागावा यासाठीचा दबावही वाढत होता. युरो एनकॅप या संस्थेने २०१४ पासून आपल्या मूल्यांकनात स्वयंचलित ब्रेकचा समावेश केला. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेतील २० वाहननिर्मात्यांनी सप्टेंबर २०२२ पर्यंत जवळजवळ सर्व नव्या मोटारींत ही प्रणाली देण्याचे मान्य केले. यामागे ठोस आधार होता. पूर्वसूचना व स्वयंचलित ब्रेक असलेल्या मोटारींकडून पुढील वाहनास होणाऱ्या धडका सुमारे ५० टक्क्यांनी कमी झाल्याचे अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या २०१७ च्या अभ्यासात आढळले होते.

परंतु प्रणाली लाखो गाड्यांत पोहोचताच दुसऱ्या प्रकारची चूकही लाखो रस्त्यांवर पोहोचली. २०१५ मध्ये होंडाने अमेरिकेतील सुमारे ४८ हजार ॲक्युरा गाड्या परत मागविल्या, कारण रस्त्याकडेचे लोखंडी कुंपण त्यांच्या प्रणालीस अडथळा वाटण्याची शक्यता होती. त्याच वर्षी फोर्डने सुमारे ३७ हजार एफ-१५० गाड्या परत मागविल्या. चकचकीत मोठ्या ट्रकला ओलांडताना त्यांच्या रडारची फसगत होऊ शकत होती. २०१९ मध्ये निसानच्या रोग या मॉडेलच्या साडेपाच लाखांहून अधिक गाड्यांबाबत चौकशी सुरू झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये टेस्लाच्या सुमारे ४ लाख १६ हजार मोटारींबाबत ३५४ तक्रारींच्या आधारे, तर होंडाच्या सुमारे १७ लाख मोटारींबाबत २७८ तक्रारींच्या आधारे चौकशी आरंभली गेली. होंडाविषयीच्या चौकशीची व्याप्ती एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३० लाख गाड्यांपर्यंत वाढविण्यात आली. तक्रार म्हणजे सिद्ध झालेला दोष नव्हे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. तरीही निरनिराळ्या निर्मात्यांच्या गाड्यांत एकाच प्रकारची तक्रार उद्भवते, तेव्हा प्रश्न एखाद्या कारखान्यापुरता उरत नाही.

दोषाविना अपाय

'बिघाड' या शब्दाची मर्यादा अभियांत्रिकीनेही ओळखली. २०११ चे आयएसओ २६२६२ हे मानक मोटारीतील विद्युत व इलेक्ट्रॉनिक यंत्रणांतील बिघाडांपासून उद्भवणाऱ्या धोक्यांचा विचार करते. पण पुलाची सावली पाहून ब्रेक लावणाऱ्या प्रणालीत एकही भाग बिघडलेला नसतो. प्रत्येक भाग ठरल्याप्रमाणेच काम करीत असतो, चुकते ते केवळ आकलन. यासाठी आयएसओ २१४४८ हे स्वतंत्र मानक २०१९ मध्ये प्राथमिक आणि २०२२ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध करावे लागले.

नियमांतही हा बदल उमटला. अवजड वाहनांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १३१ क्रमांकाच्या नियमात एक 'खोट्या प्रतिसादाची चाचणी' आहे. ४.५ मीटर अंतरावर उभ्या केलेल्या दोन मोटारींच्या मधून वाहन ताशी ५० किलोमीटर वेगाने न्यायचे आणि ब्रेक लागता कामा नये. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलेल्या नियमातही उभ्या गाड्यांमधून जाण्याची आणि पोलादी पत्र्यावरून जाण्याची अशा दोन चाचण्या आहेत. अनावश्यक ब्रेक ही केवळ गैरसोय नसून सुरक्षेचाच प्रश्न आहे, याची ही कबुली होय. मात्र दोन-तीन ठरावीक प्रसंगांच्या चाचण्या रस्त्यावरील अगणित प्रसंगांना पुरेशा ठरत नाहीत, हे उघड आहे.

भारतीय संदर्भ

२०२१ मध्ये महिंद्रा एक्सयूव्ही ७०० सारख्या मोटारींबरोबर ही प्रणाली भारतातील मध्यमवर्गीय ग्राहकापर्यंत पोहोचली. स्वयंचलित आपत्कालीन ब्रेकसाठी एआयएस-१६२ हे भारतीय मानक अस्तित्वात आहे. या मानकांच्या कामात १९६६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेचा मोठा वाटा आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ व्यक्ती रस्ते अपघातांत मरण पावल्या आणि त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होत्या. अपघातांच्या प्रकारांत मागून धडक हा प्रकार सर्वांत मोठा होता. या आकडेवारीचा अर्थ दुहेरी आहे. मागून होणाऱ्या धडका टाळण्यासाठीच हा ब्रेक निर्माण झाला, म्हणून त्याची गरज येथे अधिक आहे. परंतु मोटारीच्या मागे हातभर अंतरावर दुचाकी असणे ही जेथे नित्याची बाब आहे, तेथे विनाकारण लागलेल्या ब्रेकचा आघात मोटारीतील माणसावर नव्हे, तर मागच्या दुचाकीस्वारावर होतो. ताशी १०० किलोमीटर वेगात वाहन एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. एवढ्या अवकाशात त्याने काय करावे, याचे उत्तर कोणत्याही प्रणालीपाशी नाही.

समारोप

आर्मा येथील दुर्घटनेनंतर ब्रेक आणि ब्लॉक एकाच कायद्याने बांधले गेले. मोटारीने त्यांपैकी ब्रेक घेतला. ब्लॉक घेणे रस्त्याच्या स्वरूपामुळे तिला शक्यच नव्हते. म्हणून रेल्वेत निःसंशय सुरक्षित ठरणारे थांबणे रस्त्यावर एक जोखमीची निवड ठरते. ही निवड चालक करीत नाही. कारखान्यात उंबरठा ठरविणारा अभियंता ती आधीच करून ठेवतो आणि तिची किंमत अनेकदा अशा व्यक्तीला मोजावी लागते, जिने ती गाडी विकत घेतलेली नसते आणि जिला त्या प्रणालीचे नावही ठाऊक नसते.

यावरून स्वयंचलित ब्रेक नाकारावा, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण त्याने वाचविलेले प्राण हेही इतिहासाचेच सत्य आहे. निष्कर्ष निघतो तो वेगळा. 'लांडगा आला रे आला' अशी खोटी हाळी वारंवार ऐकणारा चालक अखेर प्रणालीच बंद करतो आणि तिचे संरक्षणही गमावतो. त्यामुळे खोट्या ब्रेकच्या घटनांची पद्धतशीर नोंद, निर्णयाच्या उंबरठ्याविषयी पारदर्शकता आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला गृहीत धरणाऱ्या भारतीय चाचण्या यांची आवश्यकता आहे. १८८९ च्या कायद्याने थांबणाऱ्या गाडीबरोबर मागून येणाऱ्या गाडीचाही विचार केला होता. रस्त्यावरील नियमांत तो विचार अद्याप पुरेसा उतरलेला नाही.