‘लक्ष’ म्हणजे किती ?

जुना लेख वाचतांना अनोळखी शब्दावर वाचक थांबतो, कोश उघडतो, चार ठिकाणीं ताडून पाहतो. ओळखीचा शब्द मात्र तो परीक्षेवांचून सोडून देतो, आणि पुष्कळदां चूक तेथेंच होते. ‘लक्ष’ हा असाच एक शब्द आहे. तो संस्कृतांतून मलय, जावी व फिलिपाइन बेटांतील तागालोग या भाषांत गेला. परंतु तेथें त्याची किंमत शंभर सहस्र राहिली नाहीं, दहा सहस्र झाली. एक स्थान चुकलें कीं आंकडा दसपट चुकतो. म्हणून या शब्दाचा थोडा विचार येथें करीत आहों.

प्रथम घरचेंच पाहूं. ऋग्वेदांत (२.१२.४) हा शब्द येतो तो जुगारांतील पण या अर्थानें, संख्येचा तेथें संबंध नाहीं. वाजसनेयी संहितेच्या १७ व्या अध्यायांतील संख्यामालिकेंत सहस्रापुढें अयुत, नियुत, प्रयुत अशीं नांवें आहेत, ‘लक्ष’ नाहीं. शंभर सहस्रांचें स्थान तेथें नियुताचें आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतींत (शके १०७२, इ. स. ११५०) मात्र अयुतानंतर लक्ष, मग प्रयुत व कोटि असा क्रम दिसतो. म्हणजे संख्यावाचक लक्ष हा आपल्याकडेही मागाहून स्थिरावलेला आहे. मराठींत लक्ष देणें यांतील लक्ष आणि शंभर सहस्र हें लक्ष, दोन्ही एकाच मुळाचीं. प्राकृत ‘लक्ख’ या रूपानें त्याचें लाख झालें. पण झाडाची लाख व तिजवरून झालेला लाखोटा यांचें मूळ निराळें, तें ‘लाक्षा’. रूप एक, मूळ दोन. याचा अनुभव दफ्तरें हाताळणारांस नवा नाहीं.

आतां पूर्वद्वीपांकडे वळूं. मलयांत रिबु म्हणजे १,०००, लक्सा म्हणजे १०,०००, केती म्हणजे १,००,००० आणि जुता म्हणजे १०,००,०००. जावींतही हाच क्रम आहे. तागालोगांत लिबो १,०००, लक्सा १०,०००, युता १,००,००० आणि अंगाव १०,००,०००. केती ही आपली कोटि. ती दोन पायऱ्या खालीं उतरली. जुता व युता हीं एकाच नांवाचीं रूपें असून त्यांचें मूळ सामान्यतः अयुत मानितात. म्हणजे तें एकीकडे दोन व दुसरीकडे एक पायरी वर चढलें. आज बोलण्यांत लक्साऐवजीं ‘दहा हजार’ अशा अर्थाची जोडरचनाच रूढ आहे, परंतु जुन्या लेखांस त्याचा उपयोग नाहीं.

हा फरक कां पडला ? आमचें अनुमान असें. या भाषांत दहा, शंभर व हजार यांस देशी नांवें होतीं. पुढें नांवें हवीं होतीं. संस्कृत नांवें आलीं तीं मोठ्या संख्येचीं म्हणून आलीं, गणितग्रंथांतील स्थानें घेऊन आलीं नाहींत. हजारानंतरची पहिली रिकामी पायरी लक्षास मिळाली, त्यापुढील पायऱ्या इतरांस. अयुत, नियुत, प्रयुत या तिहींचा शेवट ‘युत’ असाच होतो, ही गोष्टही युता-जुता यांच्या किंमतींतील भेदाचा विचार करितांना विसरूं नये.

याचें महत्त्व एका शिलालेखावरून ध्यानांत येईल. सुमात्रांत पालेंबांगजवळ केदुकान बुकित येथें १९२० सालीं पल्लव लिपींतील, जुन्या मलय भाषेचा एक लेख सांपडला. त्याचा काल शके ६०४ (कांहींच्या वाचनाप्रमाणें ६०५), वैशाख शुक्ल एकादशी. श्रीविजयाच्या दपुंत ह्यंग या अधिपतीनें नेलेल्या सैन्याचा आंकडा त्यांत ‘दोन लक्स’ असा आहे. शकवर्ष, मास, पक्ष हें सर्व ओळखीचें पाहून आपला वाचक सहजच दोन लाख म्हणेल. तज्ज्ञ मात्र वीस सहस्र असा अर्थ घेतात, आणि आमच्या मतें तोच योग्य आहे. त्याच लेखांत पायीं चालणारांची संख्या १,३१२ असून ती सर्व देशी शब्दांनीं सांगितली आहे. हजारापर्यंत देशी नांवें आणि त्यापुढें लगेच लक्स, ही मांडणी मलयांच्या पुढील क्रमाशीं जुळते. लक्स म्हणजे लाख मानिलें तर दहा सहस्रांची पायरी रिकामी राहते, आणि नौकांतून गेलेलें सैन्यही अविश्वसनीय होतें.

फिलिपाइन बेटांतील लागुना ताम्रपटासही हीच सावधगिरी लागू आहे. १९८९ च्या सुमारास मिळालेला हा पट शके ८२२, वैशाख वद्य चतुर्थी, सोमवारचा, म्हणजे २१ एप्रिल ९०० चा. नम्वरन नांवाच्या इसमाच्या घराण्यास सोन्याच्या कर्जांतून मुक्त केल्याची ही एक प्रकारें फारखतच आहे. तिथि-वार आपल्या पंचांगाप्रमाणें वाचतां येतात. पण म्हणून त्यांतील ‘सुवर्ण’ हें वजन आपल्या ग्रंथांतील सुवर्णाइतकेंच, असें गृहीत धरितां येणार नाहीं.

शब्दाचें मूळ तो कोठून आला हें सांगतें. त्याची किंमत तो जेथें वापरला गेला तेथील भाषाच ठरविते. ज्यांच्या संग्रहीं परदेशच्या पटांचे ठसे वा नकला असतील, त्यांनीं आंकड्याच्या शब्दाशीं आपल्या भाषेंतील किंमत लिहून ठेवण्यापूर्वीं त्या लेखाच्या भाषेचा संख्याक्रम जवळ ठेवावा, इतकीच आमची विनंति आहे.